बॅटरी खातंय कोण?

पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाइलसुद्धा बंद. तरी सकाळी व्हॅनची बॅटरी रिकामी व्हायला आलेली! कालच रिसॉर्टवाल्याकडून वायर ओढून पूर्ण चार्ज केली होती. चक्रावून मी इन्व्हर्टरचं बटणच बंद केलं.

“अहो, दिवा विझला!” मागून बायको ओरडली.

तिच्यासमोर उघड्या कपाटात देवीचा फोटो, इवलासा घट आणि विजेचा दिवा. दिवा नखाएवढा, पण त्याच्यासाठी इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू, आणि बॅटरी खाणारा तोच!

“नवरात्र आहे. तुमच्या या व्हॅनमध्ये राहायच्या हौसेपायी घर सोडलं, देवी कशी सोडू?” तिचे डोळे भरले. “आता अखंड कुठे राहिला?”

मी घाईने बटण दाबलं. “विझला नव्हता गं. तेवढा वेळ बॅटरीत होता.”

मी थट्टा करतोय का, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली. मलाही कळेना.