नवऱ्याच्या हृदयासाठी

"ऊठ म्हाताऱ्या! उन्हं वर आली." फेइलाननं नवऱ्याच्या अंगावरची रजई ओढली.

"आज पाय दुखतायत गं," लाओ छियाओ कण्हला.

"चहाघरात माजोंग खेळत बसतोस तेव्हा नाही दुखत ते! चल. माझ्या छातीत धडधडतं, एकटीला जायची भीती वाटते."

धडधडीची थाप होती. दोघांच्या तपासणीचे निकाल घेऊन मुलगी यीनान घरी आली होती, तेव्हा तिनं आईला स्वयंपाकघरात ओढलं होतं. "बाबांचं हृदय कमजोर झालंय. रोज व्यायाम हवा, नाहीतर कठीण आहे. पण त्यांना कळू देऊ नकोस हं."

हे काय फेइलानला सांगायला हवं? आजारी माणसाला त्याचा आजार कुणी तोंडावर सांगतं का? धसका घेऊनच अर्धा व्हायचा बिचारा.

मग तिनं कंबर कसली. जन्मात कधी व्यायाम न केलेली बाई रोज सकाळी तलावाकाठच्या बागेत हजर. आधी चालायचं, मग बायकांच्या घोळक्यात नाचायचं आणि नवऱ्यालाही नाचवायचं. घरात डुकराची चरबी बंद, खारवलेल्या भाज्या बंद. धुकं असो की पाऊस, सुट्टी नाही. ह्याला मी असा जाऊ देणार नाही, बस्स!

लाओ छियाओ मात्र पक्का कामचुकार. चढावर तिचा श्वास जरा फुलू लागला, की हा आधी बाकावर बसकण मारायचा. "थांब गं बाई, जीव घेतेस का माझा?"

"लाज नाही वाटत? ती आजी बघ, उलटी चालत पुढे गेली!"

तोंडानं करवादायची, पण शेजारी बसून ती त्याचे हात चोळत राहायची.

उन्हाळा लागला तशी दोघं पुन्हा तपासणीला गेली. फेइलान थर्मासमध्ये गरम पाणी भरून आणायला खालच्या मजल्यावर उतरली, तेवढ्यात डॉक्टरांनी लाओ छियाओला आत बोलावलं.

"फारच छान सुधारणा आहे. हा व्यायाम सोडायचा नाही," ते म्हणाले. "पण आता तरी तुमच्या बायकोला खरं काय ते सांगायला हवं."

"नको, नको!" लाओ छियाओनं घाईघाईनं दार लोटून घेतलं. "माझं हृदय वाचवायचं म्हणून ती रोज चालते, डॉक्टर. दुखणं तिचं आहे असं कळलं, तर 'मला काय धाड भरलीय' म्हणून उद्यापासून घरी बसेल."