गुडघ्यातली सुई

"गुडघा उघडा करा, आजी," डॉक्टर म्हणाले.

धुरपदाबाईंनी लुगडं होतं त्याहून खाली ओढलं. "वरनंच टोचा की. आमच्या म्हशीला डॉक्टर उभ्या उभ्या टोचून जातो, तिला न्हाई एवढं इचारत."

ऑपरेशन करून गुडघ्यातली फाटलेली गादी शिवून झाली होती, पण सूज काही हटत नव्हती. सांध्यात इंजेक्शन दिलं की पाय लवकर दुमडेल, असं डॉक्टर बोलल्यापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिकडं गावी, न्हावऱ्यात, म्हैस आटायला लागलेली. बाईंशिवाय ती कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. सून सुरेखा रोज लाथा खायची आणि चरवीच्या तळाशी दूध घेऊन यायची.

नर्सनं पुढं होऊन लुगड्याचा काठ वर सारला. गुडघ्याभोवती काळे डाग, त्यांवर टरारलेले फोड. बिब्बा उतला होता.

डॉक्टरांनी भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. "असल्या कातडीतून सुई घातली तर आत पू होईल. कुणी लावला हा बिब्बा?"

बाई पंख्याकडं बघत बसल्या.

"मी लावला," बाईंच्या मागं उभी असलेली सुरेखा म्हणाली. "सूज लवकर उतरंल म्हणून."

"हिनं?" बाई ताडकन वळल्या. "हिला कढीला फोडणी धड देता येत न्हाई, ही बिब्बा लावतीय! मीच लावला. हिची पाठ फिरल्यावर."

"मग आता फोड बरे होईपर्यंत इंजेक्शन नाही. आणि उकिडवं बसायचं नावच काढू नका."

"म्हैस थांबंल व्हय तवर?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

शिरूरच्या स्टँडवर बाई बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. काठीनं उगाच फरशी टोकरत राहिल्या. न्हावऱ्याची गाडी लागली, तेव्हा दुसरीकडंच बघत म्हणाल्या, "सांजच्याला माझं जुनेर नेस. दांडीवर हाय, धुतल्यालं न्हाई. पदर डोक्यावरनं घे आन् बस म्हशीखाली. सोडंल पान्हा."

सुरेखानं पायरीवर ठेवलेला पाय खाली घेतला. "आत्याबाई, हे तुम्हाला ठावं होतं?"

"चढ आता, लोक खोळंबल्यात," बाई म्हणाल्या. "आन् बोलू मातर नको तिच्यासंगं. आवाज वळखती ती."