चार काड्या

“ताई, भित्री गेली,” इस्माईल गाडी चालवता चालवता म्हणाला.

सुनेत्राने पुढे लावलेल्या दोन फोनांकडे पाहिलं. वादळ जवळ आलं की मोबाइल कंपन्यांचे टॉवर आता आपोआप जमिनीत उतरत. एका कंपनीचे सगळ्यांत आधी उतरत, म्हणून लोक तिला भित्री म्हणत. अभ्यासासाठी वादळामागे धावणारे सुनेत्रासारखे लोक मात्र तिचंच सिम घेत. जिथे तिची रेंज जाई, तिथे थोड्याच वेळात वादळ पोचे. दुसरी कंपनी टॉवर मोडेपर्यंत उभा ठेवी.

नकाशावर भित्रीची रेंज गेलेला काळा डाग सरकत सुनेत्राच्या गावावर आला. तिने दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून वडिलांना फोन लावला.

“अण्णा, निघालात ना?”

“कशाला? शेजारचे पळाले येडे, त्यांची भित्री गेली म्हणून. माझ्याकडे रेंजच्या चारही काड्या आहेत. तूच नाही का हे सिम घेऊन दिलंस?”

तिनेच दिलं होतं. वादळात एकट्या म्हाताऱ्याचा आवाज तरी कानावर पडावा म्हणून.

“काड्या बघू नका! शाळेच्या तळघरात जा. आत्ता!”

“बरं बाई, ओरडू नको. काठी शोधतो.”

इस्माईलने न विचारता गाडी गावाकडे वळवली, पण गाव लांब होतं. फोनमध्ये आधी पत्रे वाजू लागले. मग वाऱ्याने दाबून धरलेलं दार अण्णांनी ढकलणं, धापा टाकणं, तिला हाक मारणं, सगळं तिला स्वच्छ ऐकू आलं. आवाज एकदाही तुटला नाही.