रेषेवरचा सुळका

"संध्याकाळी मी परत येतो. तेव्हाही रेषेवर सुळका दिसला, तर ही पेटी उद्या भंगारात," असं बजावून साहेब खोलीबाहेर पडले.

इंजिनिअरबाई स्क्रीनकडे बघत बसली. थोड्या वेळानं सुळका आपोआप गेला. रोजचंच झालं होतं हे. येतो कधी, जातो कधी, काही म्हणजे काही पत्ता लागत नव्हता.

"पाहुण्यांसमोरच पोर हट्टाला पेटतं, तसं आहे हिचं," पेटीवर थाप मारत मामा म्हणाले. मामा म्हणजे तिथले जुने मेकॅनिक. सगळ्यांचेच मामा.

खोलीच्या वर दुर्बिणीची भलीमोठी तबकडी होती. तिच्या मध्यावर, उंच शिडीच्या टोकाला, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारं यंत्र होतं. ते बर्फापेक्षाही कितीतरी थंड ठेवावं लागे, आणि त्याचा कूलर ऊठसूट बंद पडे. मग मामांनी शिडी चढायची. गेल्या हिवाळ्यात ते घसरले. दोन बरगड्यांवर निभावलं, नशीब म्हणायचं. त्याच दिवशी तिनं ठरवलं, कूलर खालून, बटण दाबून चालू करायचा. ही पेटी त्यासाठीच होती.

पण वरचं यंत्र भलतंच तिखट कानाचं. जवळपास घड्याळ जरी टिकटिकलं तरी स्क्रीनवरच्या रेषेला सुळका फुटायचा. म्हणून फाटकाशी लोखंडी कपाट होतं. फोन, घड्याळं, सगळं आधी त्यात ठेवायचं. नियम साहेबांचा. जावई आला तेव्हा त्याचेही खिसे त्यांनी उलटे करायला लावले होते.

पेटी बसवली त्याच आठवड्यात सुळका सुरू झाला. चोर कोण, हे वेगळं सांगायला नको होतं.

"पेटी बसवली तेव्हाच साहेब लेकीकडे सुट्टी घालवून आले ना? तेव्हापासून फारच कडक झालेत," ती म्हणाली.

"हळू बोल बाई! कान तिखट झालेत त्यांचे. पूर्वी समोर बसून शिव्या घातल्या तरी खपायचं. परवा मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, तर गर्रकन वळले."

"आणि केस बघितलेत? पार कानांवर आलेत."

"हवा मानवली लेकीकडची," मामा हसले.

दुपारभर तिनं पेटीची फट न् फट तांब्याच्या पट्टीनं बुजवली. हात काळे झाले, बोटं कापली. "लावा मामा प्लग," म्हणून ती हात धुवायला गेली. नळाखाली हात धरून तिनं मनोमन विनवलं, एवढ्या वेळी तरी लाज राख गं.

ती परतली तेव्हा रेषा सपाट होती. मामा खिडकीत चहा पीत होते. तेवढ्यात साहेब आत आले, तिच्या मागे येऊन उभे राहिले.

सुळका उभा राहिला. चांगला उंच.

तिनं पेटीवर हात ठेवला. "साहेब, मामा पुन्हा चढले, पुन्हा पडले, तर?"

"मला काळजी नाही का? तो माणूस माझाही कोणीतरी लागतो." साहेबांचा चेहरा उतरला होता. "पण नियम म्हणजे नियम. सगळ्यांना. मलासुद्धा. मामा, प्लग काढा."

मामा पेटीमागे वाकले. बराच वेळ उठलेच नाहीत. उठले ते जीभ चावत. हातात प्लग होता.

"अगं, चहाच्या नादात मी लावायचाच विसरलो की."

तिघांनी स्क्रीनकडे पाहिलं. सुळका तसाच होता.

साहेबांनी खिसे चाचपले. रिकामं मनगट पाहिलं. मग त्यांचा हात कानाकडे गेला, आणि ते बाहेर गेले. फाटकाशी लोखंडी कपाट उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

रेषा सपाट झाली.

साहेब परत आले, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "पेटी राहू दे ना, साहेब?"

"अं?" साहेब तिच्याकडे झुकले. "मोठ्यानं बोल जरा."