चौसष्ट मिलिमीटर

"बॉनेट उघडा," ती म्हणाली.

"कशाला? मागे नाव लिहिलंय ते वाचता येत नाही का?" म्हातारा गुरगुरला. "पंच्याऐंशी घोडे आहेत आत. सगळी गल्ली जाणते."

गल्ली जाणत होतीच. वीस वर्षं तो भेटेल त्याला आपल्या गाडीचे घोडे मोजून दाखवायचा, म्हणून त्याचं नावच 'घोडेवाले' पडलं होतं. महिन्यापूर्वी संध्याकाळी, चढावर, याच गाडीच्या धडकेने सायकलवरचा एक माणूस गेला. जप्त केलेली गाडी आता पोलिसांच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली उभी होती. तपास अधिकाऱ्यांनी डिकीवरचं नाव वाचलं, ते मॉडेल पुस्तकात शोधलं आणि साक्षीदाराने सांगितलेला ताशी एकशेदहाचा वेग अहवालात कायम केला. तो आकडा टिकला, तर घोडेवाले तुरुंगात जाणार होते.

"तुम्ही वेग धरलात तो नावावरून," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "या मॉडेलमध्ये दोन इंजिनं यायची. लहान पंचेचाळीस अश्वशक्तीचं, मोठं पंच्याऐंशीचं. बाहेरचा पत्रा दोन्हींचा सारखाच."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"संग्रहालयात जुन्या इंजिनांच्या नोंदी ठेवते मी. आणि बाबांनी लहानपणीच शिकवलंय, वरचं नाव वाचू नकोस, आतला आकडा वाच."

"आता पोरीसोरी मला माझीच गाडी शिकवणार," म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

अधिकाऱ्यांनी तिला बाजूला घेतलं. आवाज उतरवून म्हणाले, "बाई, तुमच्या काकांचे सकाळपासून तीन फोन आले. घरात आधीच काय कमी झालंय? कशाला वाढवताय?"

"तपासणीला हजर राहायचा अर्ज दिलाय. तुम्हीच मंजूर केलाय."

"एकशेदहा खोडलं, की सायकलवाल्याची चूक वर येईल. मेलेल्या माणसावर दोष जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. तरी खोटा आकडा फाइलमध्ये राहू देणार नाही. बाबांच्या प्रकरणात तर नाहीच नाही."

हवालदाराने बॉनेट उघडलं. ब्लॉकच्या कडेला, तेलकट मळाखाली, इंजिनाचा नंबर होता. रॉकेलच्या बोळ्याने तिने तो पुसला. पहिली दोन अक्षरं लहान इंजिनाची निघाली.

"नंबर काय, कोणीही ठोकू शकतो," अधिकारी म्हणाले.

"बरोबर. म्हणून मोजू या." तिने पिशवीतून प्लास्टिकची विणायची सुई काढली.

"स्वेटर विणणार का इंजिनाला?" म्हातारा खेकसला.

तिने लक्ष दिलं नाही. "आत पिस्टन खाली-वर किती सरकतो ते बघायचं. लहान इंजिनात चौसष्ट मिलिमीटर, मोठ्यात त्र्याऐंशी. नंबर खोटा ठोकता येतो, हे अंतर नाही." तिने चारही स्पार्क प्लग काढायला सांगितले आणि स्वतः दोन पावलं मागे सरकली. "सुई तुम्ही धरा. पट्टीही तुम्हीच लावा. माझा हात कुठेच लागायला नको."

हवालदाराने पाना लावून इंजिन हळूहळू फिरवलं. प्लगच्या भोकातली सुई खाली गेली, थांबली, परत वर आली. अधिकाऱ्यांनी दोन्ही टोकांना पेनने खूण केली आणि पट्टी लावली. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा चष्मा पुसून केलं.

"चौसष्ट."

"पट्टी खोटी आहे तुमची!" म्हातारा ओरडला. "पंच्याऐंशी घोडे आहेत!"

"अहो, तुरुंगात जायची हौस आहे का?" हवालदार म्हणाला.

"जाईन! पण पंचेचाळीसवाला म्हणवून घेणार नाही!"

हवालदाराला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. "डिकीवरचं नाव कुठून आणलंत?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"भंगारबाजारातून. दोन स्क्रूचं तर काम. बायको सारखी म्हणायची, शेजाऱ्यांची गाडी पुढे जाते. नाव बसवलं आणि तिला फिरवून आणलं, तर म्हणाली, बघा, आता कशी पळते!" त्याने नाक पुसलं. "तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

आपल्या पिशवीतून एक कागद काढून तिने अधिकाऱ्यांच्या हातात दिला. "त्या संध्याकाळी गाडीत चार माणसं, आणि तो चढ. एवढ्या ताकदीत फार तर ताशी पंचाहत्तर. वर जाणं शक्य नाही. पायरीपायरीने मांडलंय, कोणाकडूनही तपासून घ्या."

अधिकाऱ्यांनी कागद दोनदा वाचला. मग अहवाल ओढून एकशेदहावर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली.

तिचा फोन वाजला.

"हो काका, मोजलं. नाही, मी कोणाची बाजू घेतली नाही, इंजिन मोजलं. लोकांना काय सांगायचं? जे मोजलं ते सांगा." ती जरा वेळ ऐकत राहिली. "तुमच्या घरी यायचं नाही? बरं. नाही येत."

फोन बंद करून ती नळावर हात धुवायला गेली. म्हातारा पाठोपाठ आला. त्याचा गुर्मीचा सूर आता कुठच्या कुठे गेला होता.

"पोरी, तुला माझ्या मुलाने पाठवलं ना? बोलत नाही तो माझ्याशी, पण त्याच्याशिवाय माझ्यासाठी एवढं कोण करणार?"

"तुमच्या मुलाला मी ओळखत नाही," ती म्हणाली. "सायकलवर होते ते माझे बाबा."