मधली जागा

"याचा आवाज चौकापर्यंत जाते का?" भगवंतने विचारलं, तेव्हा राजापेठेतल्या त्या दुकानातली बाकीची गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. त्याचा हात कमरेइतक्या उंच दोन स्पीकरांवर होता, जणू बैलजोडीच पसंत केली होती.

"चौकच काय काका, पलीकडची गल्लीही झोपणार नाही," विक्रेता जीवन म्हणाला.

"पाह्य!" भगवंतने बायकोकडे बघितलं.

दसऱ्याला त्यांचा झेंडू हातोहात गेला होता आणि टीव्हीला दणदणीत आवाज घ्यायचा, असं ठरलं होतं. पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, हेही ठरलं होतं. भगवंतच्या मते काम झालंच होतं. त्याच्या गावात बारसं असो की वास्तुशांती, स्पीकरचं तोंड कायम रस्त्याकडे. घरात वाजलं आणि गल्लीला कळलं नाही, तर वाजवायचं कशाला?

शकुन मात्र पाच छोट्या पेट्यांपाशी थांबली होती. "हे कसं वाजते, दादा?"

"याला सराउंड म्हणतात, काकू. पेट्या चारी बाजूंनी लावायच्या अन् आपण मधात बसायचं. किंमत तेवढीच. आवाज घरापुरता."

"घरापुरता?" भगवंतला धक्काच बसला. "मंग लोकायले कसं समजीन?"

तरी जीवनने दोघांना आतल्या खोलीत नेलं. भगवंत सोफ्याच्या मधोमध पाय पसरून बसला. शकुन सवयीने सोफ्यामागे फरशीवर टेकली. घरीही तिची जागा हीच. संध्याकाळी सगळे टीव्ही बघतात आणि ती दिवाणामागे, दाराशी बसून उद्याचे हार ओवते. चित्र अर्धं दिसतं, बोलणं तर गादीतच मुरतं. मालिकेत कोणाचं लग्न ठरलं, हे तिला जेवायला वाढताना विचारावं लागतं.

"काकू, तिथून मजा नाही यायची. पुढे या," जीवन म्हणाला.

"बसू दे तिले. तिले सवय आहे," भगवंत म्हणाला.

पण जीवनने ऐकलं नाही. शकुन लाजत पुढे आली आणि सोफ्यावर न बसता खाली मांडी घालून बसली. जीवनने पेट्या तिच्या कानांच्या उंचीवर उतरवल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावर नुसतं रान होतं. घोडा कुठेच नव्हता, पण टापा मागून आल्या. शकुनने चटकन मान वळवली. मागे तर नुसता सोफा! तोवर घोडा उजव्या कानाजवळून दौडत पुढे पडद्यात शिरला. मग डावीकडे पाखरं, डोक्यामागे वारा.

"अवो, मांगून आला!" ती लहान पोरीसारखी ओरडली आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटली. "वावरात फुलं तोडतानी असंच आयकू येते, चारी बाजूनं! घरात काहून येत नाई असं?"

भगवंतलाही हसू आलं. पण बाहेरची ती उंच जोडी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. "भारी आहे. पन त्या मोठ्यायची शान आलग. साऱ्या गल्लीले आयकू जाईन."

"गल्लीले तं जाईन," शकुन म्हणाली. "पन मले कवा आयकू येईन?"

दुकानात ती आजवर 'तुमी म्हणान ते' एवढंच म्हणत आली होती, अगदी स्वतःच्या लुगड्यालाही. भगवंतने तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे अजून चमकत होते.

"हे द्या," छोट्या पेट्यांकडे बोट दाखवत तो म्हणाला.

जीवन खूश झाला. "बसवायला उद्या माणूस पाठवतो. पण एक आहे काका, अस्सल मजेची मधली जागा एकच असते. मापं दिवाणापासून घ्यायची ना?"

"नाई. ही हार ओवाले बसते ना, तिथून घ्या."

"अन् दिवाण?"

"दिवाण मी सरकवतो," भगवंत म्हणाला, आणि सोफ्यावरून उठून भिंतीशी जाऊन उभा राहिला.

शकुनने पदर सावरला, फरशीवर चांगली ऐसपैस बसली आणि जीवनला म्हणाली, "लावा बरं पुन्यांदा."