डावीकडे पातळ

यंदा नाताळासाठी आईने लाटलेली प्रत्येक लेफ्से, म्हणजे बटाट्याची मऊ पोळी, डावीकडे पातळ आणि उजवीकडे जाड होत होती. "अगं ताई, लेफ्से लाटतेस की नॉर्वेचा नकाशा?" तव्यापाशी उभी असलेली मावशी म्हणाली. "पुढच्या वर्षी सरळ विकत आणू." "माझे हात चालताहेत तोवर या घरात विकतची लेफ्से येणार नाही. टेबलच वाकडं आहे," आई थकल्या आवाजात म्हणाली. अजून तीस गोळे शिल्लक होते. मी टेबलावर पाणसळ लावून उतार आहे का ते पाहिले. टेबल समतल होते. खाचांचे लाटणे उलट धरायला लावले, तरी जाड बाजू उजवीकडेच राहिली. मग आईच्या जागी उभे राहून एक मी लाटली. ती सर्वत्र सारखी आली. मावशी लाकडे आणायला गेल्यावर मी आईला विचारले, "कधीपासून?" "गवतकापणीपासून. तिला सांगू नकोस." आईच्या उजव्या हातातला जोर गेला होता.